धुरपाईचे साठ बैल

फार वर्षं झाली या गोष्टीला. निवळीच्या डोंगरावर तेव्हा चारशे बंडकरी होते, गोऱ्या सरकारविरुद्ध उठलेले. हातात भाले होते, पण पोटात काही नव्हतं. त्यांना धान्य पोचवायची धुरपाई वंजारीण. साठ बैलांच्या पाठीवर गोण्या लादून ती घाट चढायची. तिची हाळी ऐकूनच डोंगरावरच्या चुली आपोआप पेटायच्या, असं म्हणतात.

धान्य द्यायचे खालच्या निवळी गावचे देशमुख. साऱ्या गावासमोर त्यांनी बेलभंडार उचलून शपथ घेतली होती की माझं कोठार ते बंडाचं कोठार.

एकदा गडी भाकरी खायला बसले आणि दात करकरले. पाहतात तर गोणीत वर वीतभर जोंधळा आणि खाली नदीची रेती. म्होरक्या जानू नाईक म्हणाला, "बाई, हे खाऊन लढायचं होय आम्ही?"

धुरपाईनं तीच भाकरी पदरात बांधली आणि घाट उतरून थेट देशमुखांच्या घरात शिरली. देशमुख जेवत होते. तिनं भाकरी त्यांच्या ताटात ठेवली.

"आधी ही खा."

देशमुख हसले. "अगं, लढाईत थोडं इकडचं तिकडं व्हायचंच."

"तुमच्या ताटात कसं नाही झालं मग?"

"चालती हो इथून."

ती अंगणात आली आणि तिनं बैलांना हाळी दिली. असं म्हणतात, साठही बैल एकदम कोठाराला भिडले आणि सागवानी दार पापडासारखं मोडलं. आत आढ्यापर्यंत जोंधळा होता. माणसं डोंगरावर उपाशी आणि हा इथं ढीग लावून बसलेला.

गोण्या भरल्या. तोवर देशमुखांनी गोऱ्या साहेबाला सांगावा धाडला आणि त्याच्या शिपायांनी घाट अडवला. धुरपाईनं बैल कड्याकडे वळवले, जिथं शेळीसुद्धा चढत नाही. खुराखाली खडक ओल्या मातीसारखा मऊ झाला, असं म्हणतात. चारशे माणसं त्या दिवशी पोटभर जेवली.

उतरताना ती सापडली. साहेबानं विचारलं, "कुठल्या वाटेनं गेलीस?" तिनं मान फिरवली. त्यानं एक बैल मारला आणि पुन्हा विचारलं. असं साठ वेळा. दर वेळी तिनं पडणाऱ्या बैलाला नावानं हाक मारली, दुसरा शब्द काढला नाही. शेवटचा बैल पडला तशी ती उठली आणि कड्याकडे चालू लागली. गोळ्या सुटल्या, एकही लागली नाही. कड्यानं तिला पोटात घेतलं, असं म्हणतात.

आणि देशमुखांना काय मिळालं? तीन गावं इनाम. सरकारी कागदात त्यांचं नाव आहे, धुरपाईचं कुठंच नाही. सांगताना अजून अंगाची आग होते.

निवळीत अजून माघात एक दिवस कुणी बैलावर ओझं घालत नाही. घरचा धनी स्वतःच्या पाठीवर गोणी घेऊन कडा चढतो, आणि वर सगळा गाव जेवतो. एका साली देशमुखांच्या घरून गडी आला गोणी घेऊन. बायकांनी त्याला पायथ्याशीच अडवलं. म्हणाल्या, "तुझा राग नाही, बाबा. मालकाला पाठव."

मालक आला. सगळ्यांच्या देखत वाकला, गोणी पाठीवर घेतली आणि चढू लागला.