घाटातली सलग रेघ

घाटरस्त्यांवर नुकत्याच पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, आणि तेव्हा गाड्याही बोलत असत. एक तांबडी जीप बाळंतपणात अडलेल्या बाईला घेऊन दवाखान्याकडे निघाली होती. पुढे उसाने लदलेला ट्रक रांगत होता.

“काका, मला पुढे जाऊ द्या ना! बाईला कळा सोसवेनात.”

“पोरी, मधली रेघ सलग आहे. वळणापलीकडचं मलाही दिसत नाही. थांब.”

आतून किंकाळी आली आणि जीपचा धीर सुटला. तिने रेघेवर चाक घातलं, तोच वळणावरून टँकर धडधडत आला. ती कशीबशी मागे सरली. टँकर तिला घासूनच गेला.

वळण सरलं. रेघ तुटक झाली, समोर मोकळा रस्ता दिसला. ट्रक डावीकडे सरकला.

“आता जा!”

जीप ट्रकला मागे टाकून पुढे गेली. दवाखान्याच्या दारात नर्सनी बाईला उतरवून घेतलं, आणि थोड्याच वेळात आतून तान्ह्याचं रडणं ऐकू आलं.