वाकड्या पाठीचं कासव

या गोष्टीला इतकी वर्षं झाली, की तेव्हा राजा कोण होता हेसुद्धा आता कुणाला सांगता येत नाही. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गाव सुखी होतं, आणि सुखी गावांना असतात तशा त्यालाही काही खोडी होत्या. त्यातली एक अशी, की नवं घर बांधलं म्हणजे माणसांच्या आधी उंबऱ्यातून एक जिवंत कासव आत न्यायचं. कासव आत गेलं की घरात स्थैर्य येतं, असं सगळे मानत. कासवाला हळदकुंकू लागायचं, पंगती उठायच्या, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याची चौकशी कुणी करत नसे.

साहजिकच बाजारात कासवांचं एक दुकान होतं. दुकानदार डोंगरातून कासवं पकडून आणवायचा. त्याला लागणाऱ्या टोपल्या गावातली एक बुरुडीण विणून द्यायची. बाई हाताची चपळ, जिभेची त्याहून चपळ, आणि मनाने इतकी हळवी, की बांबू चिरण्याआधी त्यावरची मुंगी बाजूला करायची.

एकदा ती टोपल्या पोचवायला गेली, तेव्हा दुकानाच्या कोपऱ्यात तिला एक कासव दिसलं. त्याची पाठ एका बाजूने दबलेली होती. डोळे चिकटून मिटले होते, मानेची कातडी लोंबत होती, आणि पुढ्यातली पाण्याची परळ कोरडी ठणठणीत होती.

"शेट, याला काही खायला घालता की नाही?" तिने विचारलं.

"वाकड्या पाठीचं कासव शुभकार्याला कोण नेणार, बाई?" दुकानदार म्हणाला. "जे विकलंच जाणार नाही, त्याला चारा घालून मी काय करू?"

तो काही दुष्ट माणूस नव्हता. तो फक्त दुकानदार होता.

बुरुडीण घरी आली, पण कामात तिचा हात चालेना. नवऱ्याने कारण विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं आणि म्हणाली, "अहो, घेऊन येऊ का मी त्याला?"

नवरा सावकाश बोलणारा माणूस होता. तो म्हणाला, "आण की. पण कासव म्हणजे चार दिवसांचा पाहुणा नव्हे. आपण गेलो तरी ते राहील. शिवाय त्याची जागा रिकामी झाली, तर दुकानदार ती रिकामी ठेवील का, याचाही विचार कर."

तिने तीन दिवस विचार केला. आणावं म्हटलं तर नवऱ्याचं बोलणं आठवे, आणू नये म्हटलं तर ती कोरडी परळ डोळ्यांपुढे येई. चौथ्या दिवशी तिला वाटलं, आपला विचार पुरा होईपर्यंत ते कासव काही जगायचं नाही. ती उठली आणि विणलेल्या सगळ्या टोपल्यांच्या बदल्यात कासव घेऊन आली.

तिने त्याचे डोळे कोमट पाण्याने पुसले. भोपळ्याची पानं, जास्वंदीची फुलं, कोवळं गवत त्याच्यापुढे ठेवलं. पाचव्या दिवशी कासवाने डोळे उघडले आणि आठव्या दिवशी ते अंगणभर फिरू लागलं. शेजारणींनी तिचं कौतुक केलं. तिलाही स्वतःचं थोडं कौतुक वाटलं, आणि त्यात काही गैर नव्हतं.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा दुकानात गेली. पाहते तर काय, दाराशीच, येणाऱ्याजाणाऱ्याची नजर पडेल अशा जागी, तीन कासवं ठेवलेली. तिन्ही सुकलेली, तिन्हींच्या परळा कोरड्या. त्यांच्या पाठी मात्र धडधाकट होत्या.

"शेट, यांना काय झालं?"

दुकानदार खुशीत होता. "बाई, तुम्ही माझे डोळे उघडलेत. चांगल्या कासवासाठी लोक तासभर घासाघीस करतात. मरायला टेकलेल्यासाठी कुणी करत नाही. तुमच्यासारखी दयाळू माणसं गावात इतकी आहेत, हे मला ठाऊकच नव्हतं."

तिने पिशवीतली भाजी काढून कासवांपुढे टाकली, तर त्याने ती पायाने सरकवली. "खायला घालू नका. धडधाकट दिसली तर कोण नेईल? न्यायची असतील तर तिन्ही न्या."

तिचा हात पुढे झाला होता. तो तिने मागे घेतला. आज ही तीन नेली तर पुढच्या पंधरवड्यात इथे सहा असतील, हे आता तिला कुणी सांगायला नको होतं. ती रिकाम्या हाताने परत फिरली आणि वाटेत ढसाढसा रडली.

घरी आल्यावर अंगणातलं कासव तिच्याशी बोललं. त्या काळी प्राणी बोलत असत, फक्त माणसांना ऐकायला सवड असावी लागे.

"माझ्यामुळे रडतेस का?"

"माझ्यामुळे रडते," ती म्हणाली. "तुला आणलं ते चुकलं का माझं?"

"मी जिवंत आहे. त्याला चूक म्हण, असं मी कसं सांगू? पण मला एक सांग. आजवर या गावातल्या नव्या घरांत जी कासवं गेली, ती आता कुठे आहेत?"

गावातल्या प्रत्येक वास्तुशांतीला बुरुडिणीच्या घरचं नवं सूप जायचं, तिला मानाने पाट मिळायचा, आणि तिनेही हा प्रश्न कधी कुणाला विचारला नव्हता.

मग तिने तो विचारायचं ठरवलं. पुढच्याच आठवड्यात गावच्या पाटलांनी थोरल्या लेकासाठी बांधलेल्या घराची वास्तुशांत होती. सूप देताना, भरल्या मांडवात, तिने पाटलीणबाईंना विचारलं, "वहिनी, धाकट्याच्या घरात नेलेलं कासव कुठे आहे हो?"

पाटलीणबाईंनी धाकट्या सुनेकडे पाहिलं. सुनेने गड्याकडे पाहिलं. गडी म्हणाला, "ते धान्याच्या कणगीमागं सापडलं होतं. वाळून गेलेलं."

कासव वाळून गेलेल्या घरात कसलं स्थैर्य आलं असेल, हा विचार एकाच वेळी पुष्कळांच्या मनात आला आणि प्रत्येकाला आपापल्या घरचं कासव आठवलं. पाटलीणबाई उठल्या. त्यांनी आणलेलं कासव गड्याकरवी डोंगरात परत पाठवलं आणि उंबऱ्यावर स्वतःच्या हाताने रांगोळीचं कासव काढलं.

बुरुडीण तेवढ्यावर थांबली नाही. जिथे सूप गेलं, तिथे तिचा प्रश्न गेला. लोक चिडले, काहींनी तिच्याकडून सूप घेणं बंद केलं, एकीने तोंडावर दार लावलं. दुकानदाराने तर टोपल्यांचं काम दुसऱ्याला दिलं. पण गावात एकामागून एक उंबऱ्यावर रांगोळीची कासवं दिसू लागली. सुकलेलं कासव विकत घेऊ पाहणाऱ्यालाही ती सांगे, "खाली ठेवा ते. तुम्ही नेलंत की त्याच्या जागी दुसरं उपाशी ठेवतील."

हे व्हायला दोन महिने लागले. तेवढ्या काळात दुकानाच्या दारातल्या तीन कासवांपैकी दोन मेली. बुरुडीण नेहमी सांगायची, "ती दोन माझ्या डोळ्यांदेखत गेली." या दोषात तिने कधी कुणाला वाटेकरी केलं नाही.

एक दिवस दुकानदार स्वतःच तिच्या अंगणात आला. हातात तिसरं कासव होतं.

"घ्या, बाई. गिऱ्हाईकच राहिलं नाही. पकडणाऱ्यांनाही नाही म्हणून सांगितलं. उद्यापासून मडकी विकणार आहे."

"आणि याच्या बदल्यात काय देऊ?"

"काही नको," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "याला खायला काय घालतात?"

तिने त्याच्या हातात जास्वंदीचं फूल दिलं. दुकानदार खाली बसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने एका कासवाला स्वतःच्या हाताने भरवलं.

बोध : एका जिवाला दुकानातून सोडवायला दया पुरते, पण त्याच्या जागी दुसरा येऊ नये म्हणून गिऱ्हाइकालाच शहाणं करावं लागतं.