काठी आणि हाक

त्या दिवशी थंडी अशी, की सभेला आलेली माणसं घोंगडीतून नाक बाहेर काढत नव्हती. सरपंच दौलतरावांच्या मेहुण्याचा बैल रोज लोकांची ज्वारी खायचा. मेहुण्याला ते काही बोलेनात आणि सभेत कुणी तक्रार करायची नाही, असा हुकूम काढून बसले. वर मलाच म्हणाले, "हिलालबाबा, उद्यापासून पिकाची राखण तुम्ही करा."

मी म्हटलं, "करतो की. तोंडाला फडकं बांधतो, काठी घरी ठेवतो."

"अहो, मग बैल हटेल कसा?"

"गावही तेच विचारतंय, सरपंच. आमची हाक बंद केलीत, आणि काठी तुम्ही उचलत नाही."

सभा खो-खो हसली. दौलतराव उठले आणि स्वतः बैल कोंडवाड्यात घालून आले.

परतताना शेजारचा सुकदेव म्हणाला, "बाबा, फडकं आता थंडीपुरतंच बांधा हं."