भिजलेल्या पत्रातला 'दम'

बंदराच्या किल्ल्यावर भिजून आलेल्या पत्रात एकच शब्द शाबूत होता, 'दम'. अरबी मुनशी म्हणाला, "रक्त." फारसी मुनशी म्हणाला, "श्वास." किल्लेदारानं तलवार उपसली. पात्यावर कालचं रक्त वाळलेलं होतं. "दोघांतला एकजण खोटं वाचतोय, फितूर आहे. चिटणीस गोमाजी, कोण ते सांग, नाहीतर तिघांची मुंडकी उडवतो!"

 पत्र हातात घेताच गोमाजीला दिसलं, वरचा भाग कात्रीनं कापलेला. शिक्के कापून चांदीच्या डबीत जमवायचा किल्लेदाराला भारी शौक.

"सरकार, दोघंही खरे आहेत. दोन्ही भाषांची अक्षरं तीच. अरबानं लिहिलं तर रक्त, इराण्यानं लिहिलं तर श्वास. लिहिणारा कोण, ते शिक्का सांगतो. मुंडकं तर आपण आधीच उडवलंत, पत्राचं!"

किल्लेदाराचा हात तलवारीवरून डबीकडे गेला.