बहिऱ्या दाजींची रापण

“पण ह्या माणसांका बोलूक लावचा कसा?”

रघुवीर कुबलने हे तिसऱ्यांदा विचारलं, तेही दाजी मोंडकरांच्या कानाशी तोंड नेऊन.

दाजी फाटकं जाळं सांधत बसले होते. ते हसले आणि बाजूच्या वाळूवर त्यांनी थाप मारली. बस म्हणून.

रघुवीर बसला. गप्प बसणं काही त्याच्या स्वभावात नव्हतं. गळा असा की त्याने किनाऱ्यावरून हाक दिली तर खाडीपलीकडच्या म्हशी माना वळवत. बाप गेल्यावर रापणीचा म्होरक्या तोच होणार, याबद्दल गावात कुणाला शंका नव्हती. त्याला तर नव्हतीच.

रापण म्हणजे घराघरांचं जाळं. होडीने ते समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि दोन टोकांचे दोर दोन रांगांनी किनाऱ्यावरून ओढायचे. या जाळ्याला एक मालक नसतो. प्रत्येक घर आपला तुकडा आणतं आणि शेजाऱ्याच्या तुकड्याला गाठीने जोडतं. ज्याचं मन उडालं त्याने आपली गाठ सोडावी आणि तुकडा घेऊन घरी जावं, अशी रीत.

रघुवीरच्या रापणीतली अकरा घरं उद्या गाठी सोडणार होती. बावीसांतली अकरा. बापाने उभी केलेली रापण त्याच्या हाती आल्यापासून दोन वर्षांत मोडणार होती, आणि का, ते कुणी सांगत नव्हतं.

बैठका तर तो रोज संध्याकाळी घेई. सगळं नीट समजावून सांगे, मग विचारी, कुणाला काही अडचण? लोक माना डोलवत आणि विड्या पेटवत. मागल्या आठवड्यात दक्षिणेकडच्या खडकावर जाळं फाटलं, तेव्हा कळलं की पाण्याची ओढ तिकडे आहे हे झाडून सगळ्यांना ठाऊक होतं. एकानेही तोंड उघडलं नव्हतं.

म्हणून तो दाजींकडे आला होता. दाजी दुसऱ्या एका रापणीचे म्होरके होते, आणि त्या तीस वर्षांत तिची एक गाठ सुटली नव्हती. म्हातारा मात्र ठार बहिरा. कुणी म्हणे तापाने कान गेले, कुणी म्हणे लाटांच्या आवाजाने. बहिऱ्या माणसाने एवढा गोतावळा सांभाळला कसा, हे गावाला न सुटलेलं कोडं होतं.

आता कोडं सोडवायला आलेला माणूस बहिऱ्याशेजारी बसून होता…

माघातली सकाळ होती. धुकं इतकं दाट की समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. वाळू कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं, तेही कळत नव्हतं. आपण जागे आहोत की झोपेत, असं रघुवीरला क्षणभर वाटलं.

मग धुक्यातून माणसांचे आवाज आले.

रघुवीरने कान टवकारले. हे तर त्याचेच लोक. आज आपण नाही, जाळं टाकू नका, असं तो बजावून आला होता. बांगडा किनाऱ्याला लागला असणार आणि त्यांनी त्याला न विचारता जाळं टाकलं असणार. आवाज येत होते तेही दक्षिणेच्या अंगाने, खडकाजवळून. आज पुन्हा फाटलं तर उद्याची वाटही कुणी बघणार नव्हतं.

तो उठला. हाक मारायला त्याने छाती भरून घेतली.

दाजींनी त्याचं मनगट धरलं.

म्हाताऱ्याच्या हातात अजून दोर ओढणाऱ्याची पकड होती. रघुवीरची हाक घशातच राहिली.

“हंय खडक लागता,” धुक्यात कुणीतरी म्हणालं. ओरडून नाही, शेजारच्याला सांगावं तसं.

ते वाक्य रांगेतून पुढे गेलं. एका तोंडातून दुसऱ्या तोंडात, तिथून तिसऱ्या. मग पलीकडच्या रांगेतून तसंच हळू उत्तर आलं की आम्ही दोर ढिला सोडतो, तुम्ही तेवढ्यात वर सरका. पावलं वाळूवर सरकली… कुणीतरी हसलं. सगळ्यांत मागे दोर गुंडाळणारी पार्वती धुरी, जिचा आवाज रघुवीरने दोन वर्षांत ऐकला नव्हता, ती म्हणाली की भरती चढते आहे, घाई करू नका. आणि कुणी घाई केली नाही.

रघुवीर उभाच होता. मनगट अजून दाजींच्या हातात होतं.

“उद्या गाठी सोडूच्यो काय?” एक आवाज.

“एकदा रघूक सांगून बघूया.”

“तेका सांगून काय? तो ऐकता खंय…”

पुढचं लाटेत गेलं. थोड्या वेळाने जाळं वाळूवर आल्याची सळसळ झाली आणि मासळीची तडफड ऐकू आली. जाळं शाबूत होतं.

रघुवीर पुन्हा वाळूवर बसला. त्याला राग आला नाही. लाज वाटली. आपल्या माणसांचा आवाज आज पहिल्यांदा त्याच्या कानावर पडला होता. तो स्वतःशीच पुटपुटला, इतकं हळू की त्याचं त्यालाही धड ऐकू आलं नसेल,

“ही माणसां बोलतत…”

“रोज बोलतत,” दाजी म्हणाले.

सुई जाळ्यातून एकदा आत गेली, एकदा बाहेर आली.

रघुवीरने सावकाश मान वळवली. धुकं विरळ होऊ लागलं होतं.

“दाजी… तुमका ऐकाक येता?”

दाजींनी दातांनी दोरा तोडला.

“मगे तुमी बहिरे कधीपासून?”

“म्होरको झालंय, त्या दिसापासून.”