नको म्हणणारे उमेदवार

काय हो, पंगतीत "नको, नको" म्हणणाऱ्या पाहुण्याला तुम्ही कधी वाढलं आहे का? तो ताटावर हात आडवा धरतो, तरी आपण वाढतोच. वाढलं नाही तर तो घरी जाऊन बायकोला सांगतो, की त्या घरात साधा आग्रहसुद्धा करत नाहीत.

एवढं आपल्याला कळतं. गेनूला कळत नव्हतं.

गेनू साळवणचा. भोळा गडी. चाळिशी उलटली, तरी सांगाल तेवढंच करायचा, आणि सांगाल तसंच करायचा. गावातल्या घागर पक्षाच्या कार्यालयात तो सतरंजी घालायचा, चहा द्यायचा. पक्षाचे प्रमुख तात्या भोईटे म्हणजे त्याचा देव.

त्या वर्षी साळवणला पहिल्यांदाच नगराध्यक्ष निवडून द्यायचा होता. तात्यांनी पक्षाची पत्रकं वाटता वाटता केस पांढरे केले होते. ते अध्यक्ष होणार असं त्यांनी स्वतः ठरवलं होतं, घरीही सांगितलं होतं. पण महिला आघाडीच्या शालनताई वाघचौरे यांनीही तसंच ठरवलं होतं. मग उमेदवार कोण ते ठरवायला जिल्ह्याहून निरीक्षक यायचे झाले. कुलथेसाहेब त्यांचं नाव.

तात्यांनी सकाळीच गेनूला हार दिला.

"गेनू, गाडीतून पहिला जो उतरेल त्याच्या गळ्यात घालायचा. इकडे-तिकडे बघत बसायचं नाही."

"बरं तात्या."

कुलथेसाहेब एसटीने आले आणि स्टँडवरून रंगाच्या जीपमध्ये बसले. रंगा गावातलाच जीपवाला. जीप कार्यालयापुढे थांबली. साहेबांचं दार उघडायला रंगा आधी उतरला. गेनूने त्याच्या गळ्यात हार घातला आणि वाकून नमस्कार केला.

"मला कशाला?" रंगा म्हणाला.

"तुम्ही पहिले उतरलात."

"मग राहू दे," असं म्हणून रंगा हारासकट आत आला आणि अगदी मागे, दारापाशी बसला.

तात्यांनी गेनूला कोपऱ्यात ओढलं. "अरे बाबा, पुढे बसतो तो ड्रायव्हर. मान मागे बसलेल्याला द्यायचा. लक्षात ठेव."

"ठेवलं तात्या."

बैठक सुरू झाली. पुढे सोफ्यावर कुलथेसाहेब, त्यांच्या एका बाजूला तात्या, दुसऱ्या बाजूला शालनताई. बाकीचे सतरंजीवर. तात्यांची माणसं म्हणाली, तात्यांएवढा अनुभव कुणाला नाही. शालनताईंच्या बायका म्हणाल्या, "अनुभव कसला? पडण्याचा का?" तात्यांचा पुतण्या म्हणाला, "ताई पक्षात येऊन किती दिवस झाले?" एक बाई म्हणाली, "दिवस मोजायला ते काय बाळंतपण आहे?"

तेवढ्यात गेनू चहाची किटली घेऊन आला. त्याने मागून सुरुवात केली. पहिला कप रंगाला, मग भिंतीला टेकून पेंगणाऱ्यांना, मग मधल्यांना. सोफ्यापाशी पोचला तेव्हा किटलीत चहाचा चोथा राहिला होता. तो त्याने साहेबांच्या कपात नीट ओतला.

तात्या त्याला बाहेर घेऊन गेले. "अरे, चहा पुढून द्यायचा असतो."

"तुम्हीच म्हणालात, मान मागच्याला."

"ते गाडीत. आता दुसरा चहा टाक. आधी साहेबांना दे. साहेब नको म्हणतील, ऐकायचं नाही. नको म्हणायची रीत असते. आपण आग्रह करायचा."

"बरं तात्या."

दुसरा चहा आला. साहेबांनी हात आडवा धरला. "नको. मला साखरेचा आजार आहे."

"घ्या," गेनू म्हणाला.

"अहो, नको. डॉक्टरांनी बंद केलाय."

"घ्या हो साहेब."

"नको म्हणतोय ना मी."

"म्हणा," असं म्हणत गेनूने साहेबांचा हात एका हाताने बाजूला धरला आणि दुसऱ्या हाताने कप पुढे केला. चहा साहेबांच्या पांढऱ्या विजारीवर सांडला. कढत होता. साहेब सोफ्यावरून उठून उभे राहिले, आणि बराच वेळ उभेच राहिले.

आता मात्र तात्यांचा आवाज चढला. "अरे गाढवा, मोठा माणूस नको म्हणाला की विषय संपला. पुन्हा विचारायचं नाही. दुसऱ्या कुणाला विचारू द्यायचं नाही. समोरचं उचलायचं आणि ज्याला पाहिजे त्याला नेऊन द्यायचं. कळलं?"

"कळलं तात्या," गेनू म्हणाला. या वेळी त्याला खरोखरच कळलं होतं.

इकडे तात्यांनी आपली तयारी केली होती. माणसांना त्यांनी पढवून ठेवलं होतं. "मी उभा राहून म्हणेन, मला उमेदवारी नको. तुम्ही आग्रह करायचा. मी पुन्हा नको म्हणेन, तुम्ही पुन्हा आग्रह करायचा. मग मी डोळे पुसेन आणि तुमच्यासाठी म्हणून हो म्हणेन." हे फक्त गेनूला सांगितलं नव्हतं. त्याच्या पोटात काही राहत नाही, म्हणून.

उमेदवाराला द्यायचे शाल आणि नारळ तात्यांनी तबकात घालून आपल्यासमोरच ठेवले होते. ते उभे राहिले, त्यांनी हात जोडले.

"मित्रहो, मला पदाची हाव नाही. मला उमेदवारी नको. मी साधा कार्यकर्ता. पक्षाने उद्या गाडी हाकायला सांगितली तरी हाकीन. पण उमेदवारी मला नको."

तात्यांची माणसं उठणार, इतक्यात गेनू हात पसरून त्यांच्यापुढे उभा राहिला.

"कुणी विचारायचं नाही. मोठा माणूस नको म्हणालाय. विषय संपला."

"अरे गेनू, बाजूला हो," पुतण्या म्हणाला.

"नाही व्हायचा. तात्यांनीच सांगितलंय."

आणि त्याने तात्यांसमोरचं तबक उचललं. तात्यांचा एक हात तबकामागोमाग गेला, पण त्यांनी तो परत जोडला. सगळ्यांदेखत मला पाहिजे असं कसं म्हणायचं?

शालनताईंचं काम आता सोपं होतं. पण त्यांनीही तेच भाषण पाठ केलं होतं, आणि ऐन वेळी दुसरं आठवेना. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "मलाही पदाचा मोह नाही. मला उमेदवारी नको." मग त्यांनी आपल्या बायकांकडे पाहिलं.

बायका उठायच्या आत गेनू त्यांच्यापुढेही उभा राहिला. "बसा बसा. ताईंनाही नको."

मग तो तबक घेऊन सतरंजीवर फिरू लागला. "पाहिजे का?"

"छे छे, आमची काय लायकी," एक जण म्हणाला. गेनू पुढे गेला.

"पाहिजे का?"

"मला कशाला, जाणती माणसं असताना?" गेनू पुढे गेला.

असं करत तो दारापाशी आला. रंगा हार घालून बसला होता.

"पाहिजे का?"

"आण की," रंगा म्हणाला. त्याने शाल अंगावर घेतली आणि नारळ मांडीवर ठेवला.

कुलथेसाहेब मांडीवर ओला रुमाल धरून हे पाहत होते. जिल्ह्यात ते जिथे जात तिथे रुसवे, बंडखोरी, खुर्च्यांची फेकाफेक. इथे दोघा मोठ्यांनी सगळ्यांदेखत माघार घेतली होती. शिवाय शेवटची एसटी निघायला आली होती.

"तुम्ही पक्षाचं काय काम करता?" त्यांनी रंगाला विचारलं.

"सगळ्याच पक्षांची माणसं सभेला मीच नेतो साहेब."

"म्हणजे सगळ्यांना चालणारे," साहेब म्हणाले. "तात्या, तुमची हरकत?"

तात्यांनी गेनूकडे पाहिलं. गेनूचा चेहरा नुसता उजळला होता.

"तात्यांची कसली हरकत?" तोच म्हणाला. "त्यांचा शब्द आहे."

"छान," कुलथेसाहेब म्हणाले. "आणि गाडीचं तात्या बोललेच आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी उमेदवारी अर्ज भरायला मिरवणूक निघाली. रंगा जीपमध्ये मागे बसला होता, गेनूने हार बरोबर त्याच्याच गळ्यात घातला, आणि जीप तात्या चालवत होते.