शालीखाली शिकवलेली नाडी

फार फार वर्षांपूर्वी, राजेसुद्धा आजारी पडले की पालखीत बसून वैद्याच्या दारी येत, तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगराच्या पायथ्याशी एक वैद्यशाळा होती. तिथल्या वैद्यराजांची कीर्ती मोठी, आणि तोराही तेवढाच!

त्यांची शिकवण्याची एक तऱ्हा होती. अंगावर भरजरी शाल, समोर रोगी, आणि रोग्याचा हात शालीखाली. डोळे मिटून ते नाडी पाहायचे आणि खड्या आवाजात श्लोक म्हणायचे. शेवटी विचारायचे, "कळलं?"

"कळलं, गुरुजी!" सगळे शिष्य एका सुरात सांगायचे.

न सांगून करतात काय? एकदा यशोधर नावाच्या शिष्यानं विचारलं होतं, "गुरुजी, बोटं किती दाबायची?" तर वैद्यराजांनी त्याला अख्खा पावसाळा औषधं कुटायला बसवलं. मग कोण कशाला तोंड उघडतोय!

पुढं खोऱ्यातल्या एका गावात तापाची साथ आली. वैद्यराजांनी यशोधरला तिकडं धाडलं. थोड्याच दिवसांत बोभाटा झाला, की हा वैद्य हात लावील तो रोगी दगावतो.

वैद्यराजांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझं नाव धुळीला मिळवलं या गाढवानं!" म्हणत ते तडक निघाले. नाव आठवलं हो त्यांना! गावात माणसं मरताहेत, हे मात्र वाटभर एकदाही मनात आलं नाही.

गावात पोचले तर सगुणाबाई नावाच्या एका बाईच्या दारात ही गर्दी. तिची लेक तापानं निपचित पडली होती. "नाडी सुटली," असं सांगून यशोधरनं औषध थांबवलं होतं, आणि लोकांनी पोरीला अंथरुणावरून खाली जमिनीवर घेतलं होतं. चारच दिवसांपूर्वी तिचा बापही असाच गेला होता.

"मूर्खा, हेच शिकवलं का मी तुला?" वैद्यराज गरजले.

आजवर मान खाली घालणारा यशोधर उसळला. "तुम्ही शिकवलंत तेवढंच केलं, गुरुजी! त्याहून जास्त मला कुणी दाखवलंय?"

"कर पाहू माझ्यासमोर!"

यशोधरनं श्लोक म्हटला. एक अक्षर चुकलं नाही. मग पोरीच्या अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं ठेवली आणि दाबली, अशी दाबली की त्याची नखं पांढरी पडली.

वैद्यराज बघतच राहिले. अरे देवा! इतकं दाबल्यावर नाडी हाताला लागेल कशी? त्यांनी त्याचा हात बाजूला सारला आणि आपली बोटं हलकेच टेकवली. नाडी मंद होती, पण चालू होती.

"उचला, उचला पोरीला! काढा चढवा चुलीवर! वाचेल ही!"

एकच धावपळ उडाली. सगुणाबाई तेवढी जागची हलली नाही. ती वैद्यराजांसमोर उभी राहिली.

"मग हिच्या बापाची नाडीपण चालूच होती का हो? त्यालाही असंच दाबून बघितलं होतं. दोन दिवस बिनऔषधाचा तळमळत होता तो."

वैद्यराजांना खोटं बोलता आलं नाही. "चालू असावी, बाई. आणि चूक याची नाही, माझी आहे."

"तुमची? मग इतकी वर्षं शिकवताना काय बघत होता तुम्ही?"

वैद्यराज खाली वाकले आणि स्वतःच्या हातानं पोरीला काढा पाजू लागले.

पोर वाचली. वैद्यराज परतले आणि शाल फेकून शिकवायला बसले. आता ते आपलाच हात पुढं करायचे, प्रत्येक शिष्याची बोटं निरखून बघायचे, आणि कुणाचं चुकलं तर आपलं काय सांगायचं राहिलं ते आधी शोधायचे. लोकांनी वाहवा केली. सगुणाबाईनं नाही केली. का करावी? तिचा नवरा काही परत आला नाही.

तात्पर्य : शिष्य 'कळलं' म्हणाला म्हणून गुरूनं शिकवलं असं होत नाही, शिष्याच्या हातून काय घडतं, हे पाहील तोच खरा गुरू.